चिकटपट्टीवरची तारीख

बिघडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन शिकवणीच्या बाई दुरुस्तीच्या दुकानात बसल्या होत्या. त्यांच्या आधीचा नंबर माइकवाला हेडफोन घेऊन आलेल्या एका आजोबांचा होता.

"माइक गेलाय हो. कॉम्प्युटरवर बोललेलं पलीकडे ऐकूच जात नाही."

"आजोबा, वायरीवरच्या या बटणाला पट्टी कोणी लावली?" दुकानदारानं विचारलं.

"मीच. सारखं सरकायचं ते. वर तारीखही घातलीय. चाळीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, सवय जात नाही."

"अहो, माइक धडधाकट आहे. तुम्ही बटण बंद करून वर पट्टी मारलीत. या तारखेला पाच आठवडे झाले की!"

"छे! दर रविवारी मुलाशी तासभर बोलतो मी. 'हो बाबा', 'बरोबर बाबा' चालू असतं त्याचं."

"मग माइक गेल्याचं सांगितलं कोणी?"

"नातीनं. काल तिकडे कॉम्प्युटरसमोर तीच येऊन बसली. म्हणाली, आजोबा, तुम्ही नुसतेच ओठ का हलवता?"

दुकानदार पट्टी सोलत राहिला. बाईंनी प्रिंटर उगाच या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगितली, तेव्हा 'छान, बाबा' म्हणाला होता."

"निघाली पट्टी. माझ्या कॉम्प्युटरवरून लावा मुलाला कॉल, आत्ताच तपासू."

"नको, नको. कामात असेल तो. तुम्हीच बोला यात काहीतरी. मी ऐकतो."