बोटभर जास्त

...आणि वर आमची हीच मला विचारते, "अहो, गोधडी शिवताय की मांडव?" आता काय उत्तर देणार, तुम्हीच सांगा! तीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं, शाळा चौथीतच सुटली, पण डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं की कापड कुठलं ते सांगतो, आणि माझ्याच घरात माझ्यावर ही पाळी? कशामुळे, तर तीन पेट्या! ताग्याचं शेवटचं टोक उरतं ना, वीतभर, दीड वीत... कुणी घेत नाही, ते मी घरी आणतो. काय करू? कापड टाकवत नाही हो!

तर लेक नोकरी बदलून घरी राहायला येणार, तिची खोली पेट्यांनी अडलेली, आणि हिनं फर्मान काढलं, "रविवारी भंगारवाला येतोय. तोवर तुकडे वापरा, नाहीतर विसरा." लेकीला फोन लावला, म्हटलं, बाळ, तुला गोधडी शिवतो. तर म्हणते, "बाबा, दोनच रंग हं, निळा नि पांढरा. जत्रा नको." पेट्या उपसल्या, तर निळेच सतरा तऱ्हेचे! आकाशी, मोरपंखी, शाईसारखा, आणि एक तर असा की ही म्हणते, हिरवा आहे! पांढऱ्यांत कुणी दुधाळ, कुणी पिवळट, सगळी भाऊबंदकी. वगळायचे? छे! कापड टाकवत नाही हो!

आणि मग घात झाला. कुणी केला? ह्या हातानं! अहो, गिऱ्हाइकाला मोजून झालं की बोटभर जास्त सोडून कात्री लावायची, हा माझा तीस वर्षांचा धर्म. आता टीचभर चौकोन कापायला बसलो, तर हात आपला सोडतोय बोटभर! तेही कसं, सकाळी खुशीत असलो की दोन बोटं, जेवणाआधी अर्धंच. एकशे अडुसष्ट चौकोन, आणि एकाचा कोपरा दुसऱ्याला भेटेल तर शपथ! धावलो शेजारच्या टेलरमास्तरांकडे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "शेठ, हे चौकोन? मला तर चौकोनाचे लांबचे नातेवाईक वाटतात! जादा आहे ते कापून टाका." कापून टाका म्हणे! जीभ तरी कशी रेटली? तसेच जोडले, चुण्या घालघालून, बोटांची चाळण करून घेतली, पण जोडले!

रविवारी भंगारवाला आला. लाल, पिवळे, चौकडीचे, फुलाफुलांचे... दोन पेट्या गेल्या हो, तुकड्यांसकट! मी आपला गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या गाडीमागून. ही दारातून ओरडतेय, "अहो, लोक बघतायत!" बघू देत!

दुपारी लेक आली. गोधडी पलंगावर पसरली, ती चारी बाजूंनी जमिनीवर लोळली. लेकीनं हात फिरवला, एका चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, हा निळा माझ्या पहिल्या फ्रॉकचा ना?" तुम्हाला सांगतो, सगळ्या सुया वसूल झाल्या! तेवढ्यात पुढचं वाक्य, "इतकी सुंदर झालीय, अंगावर घेऊन मळवायची नाही. जपून ठेवू." हिनं लगेच उरलेली पेटी ओढली, घडी आत, झाकण बंद.

तीस वर्षं तुकडे पेटीत सुटे पडून होते. आता एकत्र पडून आहेत.