दुधी काचेची वाटी

धनकुंवर : खाली उतर रे शिडीवरून. अन् हे पोतं कशाले आणलं, ते मले आधी सांग.

गिरधर : झुंबराचे लोलक ठेवायला, शेठाणीबाई. काच आहे, फुटेल.

धनकुंवर : ठेवायले का न्यायले?

प्रकाशचंद : माँ, तो चोर नाही. मुंबईत शिकून मोठमोठ्या बंगल्यांचे दिवे करतो. गावात वीज आलीये. आपल्या कुसुमच्या लग्नाला धुळ्याचं वऱ्हाड येणार, त्यांच्यापुढे हे धूळ खाल्लेलं झुंबर टांगून ठेवू?

धनकुंवर : असोद्याच्या लोटन पाटलाचा तू. बाप केळी लावतो अन् पोरगा दिवे. काय टांगणार, दाखव.

गिरधर : हा नमुना पाहा. दुधी काचेची मोठी वाटी, नक्षी नाही, लोलक नाहीत. ही रीत आमच्या गुरूंनी आणली. दिवा डोळ्यांत खुपायला नको, उजेड आढ्यावर पडून मऊ होऊन खाली यावा. त्यांचं पाहून सगळी मुंबई झुंबरं उतरवतेय.

धनकुंवर : मग उतरवलेली झुंबरं जातात कुठं?

गिरधर : खरं सांगू? बरीचशी चोरबाजारात.

धनकुंवर : ऐकलं का प्रकाश?

प्रकाशचंद : ऐकलं. आपलं कोठीत राहील, कुलूप तू लाव.

धनकुंवर : लोलक मी ओळखते, बदलू देणार नाही. अन् ही वाटी वरून उघडी काऊन?

गिरधर : उजेड वर जावा म्हणून.

धनकुंवर : चातुर्मासात दिव्यावर पाखरं येतात, ती?

गिरधर : आत पडतील.

धनकुंवर : बाहेर निघतील?

गिरधर : नाही. मले... मला सुचलंच नाही. मुंबईत कुणी विचारत नाही.

धनकुंवर : जैनाच्या घरी दिवा करतोस अन् पाखरांचा विचार नाही. त्यांचा मसणवटा डोक्यावर टांगून मी खाली सामायिकाले, ध्यानाले बसू?

गिरधर : वरून काचेचं झाकण बसवतो, मुंगीही शिरणार नाही. पण आता माझी एक शंका. झुंबराच्या वाट्यांत मेणाचा ठिपका नाही, काजळी नाही. हे कधी लावलंय तरी का?

प्रकाशचंद : कधीच नाही. बाबूजींनी सुरतेहून हौसेनं आणलं आणि मेणबत्त्यांच्या खर्चाला भ्याले. बाजारात त्यांना अंधाऱ्या शेठ म्हणायचे. शाळेत पोरं मला चिडवायची. म्हणून हे मला डोळ्यांसमोर नको.

धनकुंवर : खर्चाले नव्हते भ्याले ते.

प्रकाशचंद : तू त्यांची बाजू घेणारच.

धनकुंवर : मी नवी नवरी होते. घरभर बठ्ठे पाहुणे जमलेले, यांनी काडी पेटवली. मी आतून निरोप धाडला, यावर पाखरू मेलं तर मी अन्न सोडीन. त्यांनी काडी विझवली अन् पाहुण्यांना म्हणाले, मेणबत्त्या फार महाग झाल्या.



प्रकाशचंद : गिरधर, झुंबराला हात लावू नकोस. तुझा दिवा ओसरीवर लाव, झाकणाचा. माँ, पण बाजारात खरं सांगायचं ना त्यांनी. जन्मभर चिक्कू म्हणवून घेतलं.

धनकुंवर : मीही हेच म्हटलं त्यांना. तर म्हणाले, तू गावात नवी आहेस, लोक तुला हसायला लागले तर थांबणार नाहीत. मला हसू दे.