घेण्यापूर्वी नीट हलवावी

...आणि वर मलाच विचारते, "बाबा, तुम्ही बाटली हलवलीतच का?" अहो, का म्हणजे? बाटलीत दोन थर दिसत होते! लहानपणापासून खोकल्याच्या औषधावर वाचत आलोय, 'घेण्यापूर्वी बाटली नीट हलवावी', आणि मी कारकुनी केलेला माणूस, छापलेली सूचना मोडायची हिंमतच नाही! पण आपण काय बोलणार?

तुम्हाला सांगतो, झालं असं. मुलगी माझी रसायनशास्त्रातली. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्या दिवशी नेमकी चष्मा विसरून प्रयोगशाळेत गेली, आणि त्याच दिवशी तेलाच्या कारखान्यातल्या मोठ्या बाई तिचं काम बघायला येणार होत्या. काम पसंत पडलं तर तिकडे नोकरी, कायमची. आणि कारखाना कुठे? रात्रभराच्या प्रवासावर! मी चष्मा घेऊन धावलो. नसता नेला तर?... असा विचार बसमध्ये आला होता, नाही असं नाही. पण नेला.

तर तिचं काम काय, कच्च्या तेलातून निघालेले दोन द्रव एकमेकांत मिसळलेत, ते वेगळे करायचे. एकाला म्हणतात ॲरोमॅटिक, दुसऱ्याला अल्केन. म्हटलं, "अगं, त्यात काय, उकळा की! आधी उडेल ते एक, उरेल ते दुसरं." तर म्हणते, "बाबा, दोन्ही जवळजवळ एकाच वेळी उकळतात." म्हणजे आमचे हेडक्लार्क आणि कॅशियर! तापले की दोघं एकदमच तापायचे, आधी कोण ओरडलं ते कळायचंच नाही. "मग गं?" "मग तिसरं काहीतरी घालायचं, जे एकालाच ओढून घेईल." आणि हे तिसरं कशाचं करतात, ऐका! दोन पांढऱ्या पावडरी, दोन्ही कोरड्या ठणठणीत. एक कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती, दुसरा युरिया, शेतात टाकतात तोच! एकत्र करायच्या, जरा ऊब द्यायची, की काय सांगू... पाणी होतं हो त्यांचं! थेंबभर पाणी न घालता! गार झालं तरी पुन्हा घट्ट होत नाही, पाकासारखं दाट राहतं. एकेकटे असताना दोघंही दगड! मला आपली तिची आई आठवली... आणि मी. जाऊ द्या.

हा पाक त्या मिश्रणात घालायचा, घुसळायचा, आणि मग थांबायचं. पाक खाली बसतो, बसताना ॲरोमॅटिकला जमेल तेवढं बरोबर नेतो, अल्केन आपलं वर तरंगत राहतं. एका फेरीत सगळं जात नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. "बाबा, यात हुशारी थोडी, थांबणंच जास्त." मग हे मला आधी सांगायला नको? कळलं ते सगळं होऊन गेल्यावर!

माझ्याच चष्म्यावर तिनं आणखी एक प्लॅस्टिकचा चष्मा चढवला, स्टुलावर बसवलं, "कशालाही हात लावू नका" म्हणाली आणि गेली बाईंना आणायला. समोर बूच लावलेली बाटली. वर एक थर, खाली एक थर. मला वाटलं, फाटलं बिचारीचं औषध! आता बाई येणार, बघणार, काय म्हणणार? उचलली आणि हलवली. चांगली, मनापासून हलवली! आणि दार उघडलं...

बाटली दुधाळ, मुलगी पांढरीफटक. "बाबा! काल दुपारपासून स्थिर ठेवली होती मी ती!" आपण काय बोलणार?

बाई मात्र शांत. "कुणी हलवली?" म्हटलं, "मी." "आपण केमिस्ट?" "नाही. कारकून. तोही निवृत्त." "छान. ठेवा खाली. बसू या." आणि खुर्ची ओढून बसल्या की हो!

तुम्ही कधी थर पडताना बघितलेत? बराच वेळ काहीच होत नाही. मग त्या धुक्यात कुठेतरी एक रेघ उमटल्याचा भास होतो... पुन्हा नाहीशी होते... मी मनात म्हणतोय, पडा रे बाबांनो, पोरीचं नुकसान नको. आणि आतलाच दुसरा कुणीतरी म्हणतोय, सावकाश पडा... नाहीच पडलात तरी... छे! बाप झाला तरी माणूसच तो.

पडले. आरशासारखे स्वच्छ! मुलीनं सुईनं वरचं थोडं, खालचं थोडं काढून यंत्रात घातलं. आकडे आले. सकाळी तिनं मोजले होते, तेच! बाई पहिल्यांदा हसल्या. "यांनी हलवूनही तेच येतंय, तर आमच्याकडेही येईल. आमच्याकडे तरी कोण धड हलवतं!" म्हणजे बघा, मी गप्प बसलो असतो तर बाई कदाचित 'बघू, कळवू' म्हणून गेल्या असत्या! स्वतःच्या हातानं, दोन-दोन चष्मे लावून...

"कधी रुजू होता?" बाईंनी विचारलं. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "बाबांना विचारून सांगते." मग बाईही माझ्याकडे बघायला लागल्या. आता आपण काय बोलणार? जन्मभर नोकरीत एकच शेरा मारला, हजारो कागदांवर, निम्मे तर न वाचताच. तोंडातून तोच बाहेर पडला. "हरकत नाही."

होती हो! पण हरकत असली तर काय लिहायचं, ते आम्हाला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.