हिरव्या गाडीचा वास कोणी घेतला

जबाब देणार : गॅरेजमध्ये आणि आजूबाजूला ‘ताई’ म्हणून ओळखतात ती मी. वय ४९ वर्षे. धंदा : मोटार दुरुस्ती, त्यातही पेट्रोलच्या लाइनीचं काम. राहणार : गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, जिना आतून.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. खालचं गॅरेज आमच्या वडिलांनी सुरू केलं. आता ते मी आणि माझा थोरला भाऊ, वय ६१, असे दोघं चालवतो. त्याला सगळे दादा म्हणतात, ग्राहकसुद्धा. मला पोलिसांनी बोलावलेलं नाही, मी आपणहून आले आहे. लिहून घेणाऱ्या साहेबांना मी सुरुवातीलाच सांगितलं की मी बोलते तसंच लिहा, उगाच ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ घालून माझ्या बोलण्याला इस्त्री करू नका. ते म्हणाले, थोडं तरी घालावं लागतं. बरं, म्हटलं, थोडं घाला.

सदर हिरवी गाडी दोन सीटची स्पोर्ट्स कार असून एकवीस वर्षं जुनी आहे. इंजिन मागे, टाकी पुढे. मालक दातांचे डॉक्टर आहेत, दवाखाना आमच्यापासून चौथ्या चौकात. शनिवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास चढावरच्या सिग्नलजवळ गाडीच्या मागच्या भागाने पेट घेतला आणि डॉक्टरांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. दात काढणाऱ्या माणसाचा उजवा हात.

या घटनेबाबत माझ्या भावाने रविवारी याच टेबलावर जबाब दिला आहे. त्यात त्याने सांगितलं की शुक्रवारी गाडी ताब्यात देताना त्याने स्वतः वास घेऊन ती तपासली, पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे नंतर कोणीतरी लाइन हलवली असणार. कोणीतरी म्हणजे डॉक्टरच, कारण त्या गाडीला दुसरं कोणी बोटसुद्धा लावत नाही. हा जबाब खरा नाही. माझ्या सख्ख्या भावाचा आहे, तरी खरा नाही.

डॉक्टर आमच्याकडे चार वर्षांपासून येतात. बाकीचे लोक किल्ली टेबलावर टाकतात आणि ‘संध्याकाळी येतो’ म्हणून सटकतात. हे गृहस्थ स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, ताई, पेट्रोल कुठून कुठे जातं? एकदा मी वैतागून म्हटलं, डॉक्टर, मी तुमच्या खुर्चीत बसते तेव्हा दाढेचा इतिहास विचारते का? ते हसले आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले. मग काय करता, शिकवलं. टाकीतला पंप पेट्रोल ढकलतो, फिल्टर गाळतो, लाइन गाडीच्या पोटाखालून मागे जाते, इंजिनाला हवं तेवढं इंजेक्टर आत सोडतात आणि उरलेलं रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. अशी गाडी वापरून बिघडत नाही, ठेवून बिघडते. उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं, टाकी अर्धी असेल तर आत ओल धरते, रबरी पाइप सुकून कडक होतात. म्हणून टाकी भरलेली ठेवा, आठवड्यातून एकदा चांगली तासभर फिरवा आणि रबर किलोमीटरवर बदलू नका, वर्षांवर बदला. हे सगळं त्यांनी लिहून घेतलं, चित्रं काढून. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. आमच्या कामाला इतक्या आदराने कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या बुधवारी आणि गुरुवारी मी त्या गाडीचे मागचे सगळे रबरी पाइप बदलले. काम संपूर्ण माझ्या हातचं आहे. दादाने पाना उचललेला नाही. प्रेशर लावून पाहिलं, काटा दहा मिनिटं हलला नाही. पण ते प्रेशर इंजिनाकडे जाणाऱ्या लाइनीचं. रिटर्न लाइनीत जोर नसतोच, त्यामुळे तिथली गळती काट्यावर दिसत नाही. ती थेंबही टाकत नाही, नुसती घामेजते आणि गरम इंजिनावर उडून जाते. ती फक्त नाकाला कळते.

यासाठी आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून एक रीत आहे. ज्याने काम केलं त्याने वास घ्यायचा नाही, कारण त्याचे हात आधीच पेट्रोलने भरलेले असतात आणि त्याचं मन आधीच ‘सगळं ठीक आहे’ म्हणत असतं. वास दुसऱ्याने घ्यायचा. रात्रभर गाडी बंद शटरच्या आत ठेवायची, सकाळी दुसऱ्या माणसाने काहीही न खाता-पिता यायचं, शटर गुडघ्याएवढं उचलायचं आणि वाकून वास घ्यायचा. मग वीस मिनिटं इंजिन चालवून, मागचं झाकण उघडून पुन्हा घ्यायचा. मग गाडीच्या कार्डावर ‘वास नाही’ लिहून सही करायची. सही झाल्याशिवाय वडील स्वतःची गाडीसुद्धा बाहेर काढत नसत. गेली तीस वर्षं ही सही दादाची आहे. चार गाड्या आत असल्या तरी कुठली गळतेय हे तो शटरपाशी उभा राहून सांगायचा. लांब लांबचे मेकॅनिक त्याला वास घ्यायला बोलवायचे. त्याचा त्याला अभिमान होता आणि मलाही.

दोन वर्षांपूर्वी दादाला तापाचं मोठं आजारपण आलं. तो बरा झाला, पण त्यानंतर त्याला वास येत नाही. हे त्याने मला सांगितलेलं नाही. एका सकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता आणि मी खाली होते. दूध उतू जाऊन जळलं, भांडं काळं पडलं, वास खाली गॅरेजपर्यंत आला. मी धावत वर गेले तर हा शेगडीपासून दोन हातांवर बसून शब्दकोडं सोडवतोय. मी गॅस बंद केला. त्याने भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, आठ उभा शब्द अडलाय. मी भांडं घासायला घेतलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. त्या सहीशिवाय त्याच्याकडे राहिलंय काय? गुडघे गेलेत, वाकून काम होत नाही. म्हणून मी एक उपाय काढला. माझा जिना आतून आहे. दादा दोन गल्ल्या पलीकडून साडेआठला येतो. मी आठला खाली उतरायची, गॅरेजच्या मोरीतल्या साबणाने हात घासायची, बंद शटरच्या अंधारातच वास घेऊन परत वर यायची. काही गळत असेल तर दादा यायच्या आतच पुन्हा घट्ट करायची. गरम इंजिनाच्या वेळी उजेडासाठी बॅटरी धरायच्या निमित्ताने त्याच्या शेजारी उभी राहायची. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. वडिलांची रीत मोडली हे मला कळत होतं, माझ्या कामाचा वास मीच घेत होते. पण गाड्या नीट जात होत्या आणि दादाची सही चालू होती, तेव्हा मी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी मला सर्दी होती. साधीसुधी नाही, डोकं जड, नाक दगडासारखं बंद. आठला खाली उतरले, हात घासले, वाकले, काही कळेना. हातावर पेट्रोलचा थेंब घेऊन हुंगला, तोही कळेना. तेव्हाच एक दिवस थांबायला हवं होतं. शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली असती तरी तो आला असता. पण टायरवाल्याला कशाला बोलावलंस, असं दादाने विचारलं असतं. नुसतं ‘मला सर्दी आहे’ म्हटलं असतं तरी तो म्हणाला असता, मग काय झालं, वास मी घेतो ना. आणि मग मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. म्हणून मी त्या सकाळी जेमतेम हं-हूं केलं, आवाजावरून सर्दी कळू नये म्हणून. साडेनऊला डॉक्टर आले, शाळेच्या पोरासारखे खूश, आणि बाहेर फुटपाथवर थांबले. दादाने वीस मिनिटं इंजिन चालवून, झाकण उघडून वास घेतला, मी बॅटरी धरली, दादाने कार्डावर सही केली. त्या दिवशी आमच्या गॅरेजमध्ये ज्याला वास येतो असं एकही माणूस नव्हतं आणि आम्ही गाडी दिली.

सोमवारी मी हॉस्पिटलात डॉक्टरांना भेटायला गेले. त्यांचा हात पट्ट्यांत होता. त्यांनी सांगितलं की चढावर त्यांना पेट्रोलचा वास आला, त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, बाहेर आले आणि वास कुठून येतोय ते बघायला झाकण उघडलं, तोच भडका उडाला. वास कुठून येतोय ते आधी शोधा, हे वाक्य माझं आहे. आधी लांब पळा, हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. त्याचा दोष माझ्याकडे लिहावा. पुढे ते म्हणाले, ‘‘ताई, तुमच्यावर बालंट नको. शुक्रवारी संध्याकाळी मी घरी, गाडी थंड असताना, झाकण उघडून नवे पाइप हाताने चाचपले होते, तुम्ही दाखवलं होतं तसे. माझ्याच हाताने सैल झाले असणार. मला नाही जमत हे. मी आपला दातांचाच बरा.’’ आणि वही मला परत देऊ लागले. मी घेतली नाही. मला तिथे बसवेना, मी उठून आले.

मंगळवारी आगीचं कारण शोधणाऱ्या तपासनीस साहेबांनी जळकी गाडी उघडली तेव्हा मी आणि दादा हजर होतो. पाइप आवळणाऱ्या स्क्रूच्या पट्टीला आम्ही क्लिप म्हणतो; मी घट्ट केलेल्या प्रत्येक क्लिपवर नेलपॉलिशची एक रेघ ओढते, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी पट्टीवर. नंतर कोणी स्क्रू फिरवला तर रेघेचे दोन्ही अर्धे जुळत नाहीत. रिटर्न लाइनीची क्लिप सगळ्यात खाली होती म्हणून वाचली. रेघ जळून काळी झाली होती, पण सरळ होती. म्हणजे डॉक्टरांनी काही सैल केलेलं नाही. क्लिप माझ्याच हातून चुकीची बसली होती. नळीच्या तोंडाशी उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे बसवायची, माझी त्या उंचवट्यावर बसली. थंड असताना धरते, गरम झाल्यावर घामेजते. नाक असलेल्या कोणालाही वीस मिनिटांत कळलं असतं. दादाने रेघ बघितली. त्याला तिचा अर्थ माहीत आहे. आम्ही एकाच रिक्षाने घरी आलो.

तरी माझं म्हणणं असं की, क्लिप मी चुकीची बसवली. भावाला वास येत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं आणि मी लपवलं. माझं स्वतःचं नाक बंद असताना मी गाडी जाऊ दिली. डॉक्टरांनी काहीही चुकीचं केलेलं नाही आणि हे त्यांना कळलंच पाहिजे. त्यांना कागद धरता येणार नाही, म्हणून हा जबाब कोणीतरी त्यांच्या खाटेपाशी जाऊन वाचून दाखवावा, ही माझी विनंती आहे. भावाविरुद्ध माझी तक्रार आहे का, असं साहेबांनी विचारलं. नाही. तो माझा दादा आहे.

जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी मला वाचून दाखवला. जरा मोठ्याने वाचा, असं मी सांगितलं, कारण दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर दादा बसला होता. मला एकटीला येऊ द्यायला तो तयार नव्हता, आणि मी कशासाठी आले ते मी त्याला सांगितलं नव्हतं. वाचून संपल्यावर तो दारात आला. त्याने जे म्हटलं ते माझ्या विनंतीवरून इथे शब्दशः घेतलं आहे : ‘‘तू माझ्या आधी उतरून वास घेतेस, हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं गं. मोरीतला साबण ओला असायचा रोज. शुक्रवारीही ओला होता, म्हणून मी सही केली. सर्दी झालीय, एवढं बोलली असतीस तर मी गाडी दिली नसती.’’

वरील सर्व मजकूर, दादाच्या बोलण्यासह, मी सांगितल्याप्रमाणे आणि खरा आहे. दादाने आपला रविवारचा जबाब बदलायचा आहे असं सांगितलं असून तो समोरच्या खुर्चीत बसला आहे. मी त्याच्यासाठी थांबते आहे.