माझे गार्ड आणि निलेशचे कुऱ्हाडवाले

निलेशच्या आईला तुम्ही भेटला नाहीत, म्हणून सांगतो. मी टायफॉइडने सरावलीच्या खोलीवर पडलो होतो, तेव्हा या माझ्या रूममेटची आई जवळच्याच माहीम गावाहून रिक्षाने रोज पेजेचा डबा घेऊन यायची. ताप उतरला तसे आम्ही दोघं पुन्हा मोबाइलवरच्या लढाईच्या गेममधल्या पायदळावरून भांडायला लागलो.

“माझे कुऱ्हाडवाले राक्षसाला एका घावात पाडतात,” निलेश म्हणाला.

“आणि लगेच मरतात. माझे गार्ड मार खातील, पण जागा सोडणार नाहीत.”

निलेशच्या आईने, म्हणजे मावशींनी, डबा उघडता उघडता विचारलं, “कुठल्या कंपनीचे गार्ड रे?”

आम्ही हसत सुटलो. गेममधले आहेत, असं सांगितलं, तरी त्यांचं समाधान होईना.

“त्यांना जेवायला कोन देतो?”

“गेममध्ये जेवण नसतं, मावशी.”

“मंग ते उभे कशाच्या जोरावर हायेत?”

मी हातातल्या पेजेकडे बघितलं. त्याच सकाळी मी भिंत न धरता उभा राहिलो होतो.

संध्याकाळी मी गार्डांच्या तुकडीचं नाव बदलून ‘मावशी’ ठेवलं. निलेश भडकलाच. म्हणाला, “आई माझी, आणि लढणार तुझ्याकडून?”