घर भेटलं, पन बसाचं कुठी?

...नाई नाई, घर बेस हाये हो! नळ हाये, गच्ची हाये, हवा येते. पन तुमाले सांगतो, घर घेऊन काय चाटाचं हाये? बसाचं कुठी? संध्याकाळी मानसानं चपला घालून जाचं कुठी, अन् भांडाचं कोनासंगं?

पुसदमधीच घर बदललं म्या. बसस्टँडामागून निघालो अन् या नव्या लेआउटातल्या वस्तीत आलो. आमच्या बंजारा वाडवडिलाईनं बैलाईवर मीठ लादून अर्धा मुलूख तुडवला, रोज नवा मुक्काम! अन् मी भीमसिंग, त्याईच्या वंशातला, चार गल्ल्या सरकलो त अन्न गोड लागून नाई राह्यलं! जुन्या गल्लीत शंकरसिंगचा पानठेला होता. मी दिसलो का थो तंबाखूचा खर्रा घोटता घोटता आरडे, "आले बिनकामाचे!" काय आपुलकी!

अन् इथं? चौकात सुखीबाईच्या टपरीवर गेलतो. "या साहेब, बसा साहेब," अन् खुर्ची पुसून देल्ली. साहेब?! जिथं साहेब म्हनते, थिथं भांडन जमते का? मंदिरात गेलो, त दाराले कुलूप. बगिच्यात गेलो, त समदे हाताले घड्याळ लावून पावलं मोजत चालून राह्यले, बसलेला मानूसच नाई! अन् आमच्या गल्लीतले म्हातारे... घरापुढून जाताना माह्या नव्या गेटाकडं असे पाह्यत, जशी म्या त्याईची म्हैस बांधून ठेवली! रामराम घातला त मान फिरवत. आता सांगा, बसाचं कुठी?

बायको, हंसाबाई, म्हने, "तुमचं तोंडच तसं हाये."

शेवटी शेजारच्या बबनरावाले आडवलंच. "भाऊ, काहून माह्यावर तोंड फुगवून राह्यले? या लेआउटात लोकं बसते त कुठी बसते?"

थो पाहातच राह्यला. "बसत होतो नं! तुमच्या ओट्यावर! घर रिकामं पडून होतं, गार फरशी, निंबाची सावली... तुमी आले अन् सामान उतरवाच्या आंधी जाळी ठोकली, गेट लावलं, वरून कुलूप!"

बाप्पा बाप्पा! म्हंजे पुऱ्या लेआउटाची बैठक म्या कुलपात घातली, अन् किल्ली खिशात ठेवून गावभर बैठक धुंडत फिरलो! लाज वाटली हो, खरंच लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाला बलावला, जाळी कापली. संध्याकाळी समदे आले, आपापल्या जागेवर बसले, अन् कापसाच्या भावावरून असं भांडन पेटलं का माह्या डोयात पानीच आलं! मीबी पायरीवर टेकाले गेलो, त बबनराव आरडला, "अरे अरे, थिथं नोका बसू! थे मास्तरची जागा हाये, येतेच थो. अन् भीमसिंगभाऊ, उभेच हाये त घरात चहाचं सांगून द्या!"

सांगतलं. आता रोजचंच हाये. ओटा माहा, फरशी माही, चहा माहा, अन् मी ट्रे धरून दारात! बसाचं पाहू मंग कधी... सध्या उभ्यानंच भांडून राह्यलो.