अंधार मागितला अन् जनरेटर आला

मले सांगा, स्टेजवर अंधार मागणं गुन्हा आहे का?

मी अन् मृणाल, आमची दोघींची जोडी डार्क वेव्ह वाजवते. म्हणजे सिंथ-कीबोर्डवर जड, उदास सूर, अन् गाणं अंधारात. माझे बाबा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लँटमध्ये कामाले होते. लहानपणी तिथं ऐकलेली मशिनींची घरघर आम्ही इतकी वर्षं सिंथवर काढून राहिलो. अन् बाबा म्हणतात, "काहून रडून राहिल्या पोट्ट्या?"

यंदा शंकर नगरच्या गणेश मंडळानं बोलावलं. आमचा पहिलाच मोठा कार्यक्रम. लाइटवाल्या भैयाले बजावलं, "सूर लागला की सगळे लाइट बंद." तो म्हणाला, "हव दीदी." केलेही त्यानं बरोबर.

तर सेक्रेटरी काका धावत स्टेजवर! मृणालच्या हातातला माइक ओढला अन् सुरू झाले, "भक्तहो, गैरसमज नको! ही राज्याची राजधानी आहे, इथं लाइट जात नाही! आत्ता जनरेटर लावतो!"

अहो, लाइट गेले असते तर तुमचा माइक कसा चालला असता? मी ओरडून राहिली, "काका, आम्हीच बंद केले!" ऐकतो कोण? जनरेटर धडधडला, मांडव झगमगला, अन् आमचं गाणं कोणालेच ऐकू आलं नाही.

घरी आलो तर मांडवातून आमच्याआधी परतलेले बाबा दारातच उभे, डोळ्यांत पाणी. "आज जमलं तुमाले! शेवटी तर एकदम आपला प्लँटच वाजवला!"

आता काय सांगू त्याईले? जन्मभर आम्ही घासलं, अन् शाबासकी घेऊन गेला जनरेटर!